काळी रेष म्हणजे भिंत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत फेरोइलेक्ट्रिक पदार्थांवर (ज्यांत धन-ऋण विद्युतभार आपोआप विरुद्ध बाजूंना सरकून ध्रुवण तयार होते आणि बाहेरच्या विद्युत क्षेत्राने ते उलटवता येते) आलेला लेख आम्ही आवडीने वाचला. एवढ्या अवघड विषयाला अर्धे पान मिळाले, हेच मुळात कौतुकाचे. पण सोबतच्या सूक्ष्मदर्शक चित्राखाली एक ओळ होती: ‘उजळ पट्टे म्हणजे डोमेन, मधली काळी रेष म्हणजे डोमेनची भिंत, या भिंतीत पदार्थ निष्क्रिय असतो.’ (डोमेन म्हणजे पदार्थातला एकाच दिशेच्या ध्रुवणाचा तुकडा.) ही ओळ दोन ठिकाणी चुकली आहे. काळ्या रेषेची जाडी ही भिंतीची जाडी नव्हे. आणि भिंत निष्क्रिय तर मुळीच नसते. कित्येक पदार्थांत निम्म्याहून अधिक काम तीच करते. ही गल्लत एकट्या आपल्या पानावर झाली असे नाही, शोधनिबंधांतही ती अधूनमधून डोकावते. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

आधी नावाचा घोळ. ‘फेरो’ दिसले म्हणून लोखंड शोधायला जाऊ नये. १९२० साली भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ व्हॅलासेक यांना उलटवता येणारे हे ध्रुवण रोशेल क्षाराच्या स्फटिकात आढळले, आणि त्या क्षाराच्या सूत्रात लोखंड नाही. लोहचुंबकासारखीच हिस्टेरेसिसची कमान (क्षेत्र चढवताना एक वाट, उतरवताना दुसरी) दिसते म्हणून पुढे तसे नाव रूढ झाले. मराठीत ‘लोहविद्युत’ असा शब्द करून आपण ते लोखंड आणखी घट्ट चिकटवले! म्हणून इथे सरळ फेरोइलेक्ट्रिक म्हणू.

बेरियम टायटनेट घ्या. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर त्याची स्फटिकपेशी (अणूंच्या मांडणीचा पुन्हापुन्हा येणारा सर्वांत लहान घटक) घनाकृती असते. त्याखाली ती एका दिशेने किंचित लांबते: एक बाजू ०.४०४ नॅनोमीटर, उरलेल्या दोन ०.३९९. फरक जेमतेम एक टक्का. त्याच वेळी मधला टायटॅनियम ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात एका बाजूला सरकतो आणि पेशीला धन आणि ऋण अशी टोके येतात. या ध्रुवणाचे माप दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २६ मायक्रोकूलॉम. लेड टायटनेटमध्ये लांबी-रुंदीचा फरक सहा टक्क्यांच्या घरात जातो, म्हणून तो पदार्थ थंड होतानाच तडकतो आणि शुद्ध रूपात त्याची सिरॅमिक चकती धड टिकवणे कठीण.

सगळ्या पेशींनी एकाच दिशेला तोंड केले, तर पृष्ठभागावर उघडा विद्युतभार साचतो आणि त्याचे विद्युत क्षेत्र ध्रुवणाच्याच विरोधात उभे राहते. शिवाय सिरॅमिकमधला प्रत्येक स्फटिककण लांबायला बघतो आणि शेजारचे कण त्याला दाबून धरतात. या दोन्ही अडचणींतून वाट काढायला पदार्थ स्वतःचे तुकडे पाडतो, तेच डोमेन. पहिल्या अडचणीवर उपाय १८० अंशांची भिंत: अलीकडे ध्रुवण वर, पलीकडे खाली. दुसऱ्या अडचणीवर ९० अंशांची भिंत: अलीकडे पेशी उभी, पलीकडे आडवी. या दोन भिंतींतला फरक नीट लक्षात ठेवावा, पुढचे बरेच त्यावर अवलंबून आहे. १८० अंशांची भिंत सरकली तरी पदार्थाचा आकार बदलत नाही, कारण वर तोंड केलेली पेशी आणि खाली तोंड केलेली पेशी सारख्याच लांब असतात. ९० अंशांची भिंत सरकली की उभी पेशी आडवी होते किंवा आडवी उभी, आणि ती सरकेल तेवढ्या पट्ट्यात बेरियम टायटनेटचा आकार थेट एक टक्क्याने बदलतो. निव्वळ दाबविद्युत परिणामाने (व्होल्टेज दिले की आकार बदलतो, दाब दिला की व्होल्टेज येते, तो) जालक म्हणजे अणूंची नियमित जाळी ताणली जाते ते याच्या कितीतरी कमी. नेहमीच्या वापरातले पीझेडटी अॅक्च्युएटर (लेड झिर्कोनेट टायटनेट या सिरॅमिकचे, व्होल्टेजने बारीक हालचाल देणारे भाग) भिंतींच्या हालचालीसह सगळे धरूनही ०.१ ते ०.२ टक्के लांबतात.

ही भिंत असते किती जाडीची? एक-दोन नॅनोमीटर, कधी त्याहूनही कमी. म्हणजे मोजक्या पेशी. लोखंडातली चुंबकीय भिंत याच्या कितीतरी पट जाड असते. आता आपल्या चित्राकडे वळू. अशी चित्रे बहुधा पाच मायक्रोमीटरच्या चौकटीत २५६ ठिपके घेऊन काढतात. म्हणजे एक ठिपका झाला सुमारे २० नॅनोमीटरचा. एका नॅनोमीटरची भिंत त्या चित्रात दिसेलच कशी?

मग काळी रेष कुठून आली? हे चित्र पिझोरिस्पॉन्स फोर्स मायक्रोस्कोपीचे आहे. ही पद्धत १९९२ मध्ये पुढे आली. वीजवाहक लेप दिलेली सुई पृष्ठभागावर टेकवतात, तिला एक ते पाच व्होल्टचा उलटसुलट दाब देतात, आणि खालचा पदार्थ त्या तालावर किती फुगतो-आकसतो ते सुईच्या दांडीवरून परतणाऱ्या लेझरने पाहतात. लॉक-इन अॅम्प्लिफायर (दिलेल्या तालाचाच संकेत गोंगाटातून वेगळा काढणारे यंत्र) त्यातून दोन आकडे काढतो: आयाम म्हणजे किती हलले, आणि फेज म्हणजे दाबाच्या तालात हलले की उलट तालात. वर तोंडाचा डोमेन एका तालात हलतो, खाली तोंडाचा नेमका उलट. सुईच्या टोकाची त्रिज्या २० ते ३० नॅनोमीटर. ती भिंतीवर आली की तिच्याखाली थोडा अलीकडचा डोमेन येतो, थोडा पलीकडचा. एक वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो, बेरीज शून्य. ती काळी रेष म्हणजे ही वजाबाकी. तिची रुंदी सुईचे टोक, स्पर्शाची जागा आणि विद्युत क्षेत्राचा पसारा यांवर ठरते, आणि ती सहज ५० किंवा १०० नॅनोमीटर भरते. सुई झिजली की रेषही रुंदावते. भिंत होती तेवढीच असते.

९० अंशांची भिंत ओळखायला तर पुष्कळदा व्होल्टेजही लागत नाही. दोन्हीकडच्या पेशी एकमेकींना नीट बसाव्यात म्हणून भिंतीपाशी पृष्ठभाग किंचित कलतो: बेरियम टायटनेटमध्ये सुमारे ०.६ अंश, लेड टायटनेटमध्ये सुमारे ३.५ अंश. त्यामुळे साध्या उंचीच्या नकाशातही छपरासारखे उतार दिसतात. १८० अंशांच्या भिंतीला असा उतार नसतो. उंचीच्या नकाशात जे दिसते तेच फेजच्या नकाशात उमटले, तर मात्र सावध व्हावे. त्याचे कारण पुढे येईल.

आता ‘निष्क्रिय’ या शब्दाबद्दल. भिंत कागदावरच्या रेघेसारखी स्थिर नसते. क्षेत्र लावले की ती सरकते, पण अखंड पडद्यासारखी नव्हे. तिच्या कडेला आधी एक लहानसा उलटलेला ठिपका जमतो, तो भिंतीच्या अंगाने पसरतो, मग पुढचा. म्हणूनच तिचा वेग क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, घातांकी वाढतो. भौतिकशास्त्रज्ञ मर्झ यांनी १९५४ मध्ये बेरियम टायटनेटवर दाखवलेला नियम तो हाच. वाटेत ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, जालकातले स्थानभंग (अणूंच्या ओळी जुळत नाहीत अशा जागा), कणांच्या सीमा आल्या की भिंत अडकते, ताणली जाते आणि एकदम सुटते. सगळ्या नित्याच्या तक्रारींचे मूळ या अडकण्यात-सुटण्यात आहे. अॅक्च्युएटरला व्होल्टेज देऊन थांबलो तरी तो पुढे रांगत राहतो, कारण काही भिंती उशिराने सुटतात. चढताना एक वाट आणि उतरताना दुसरी, कारण सुटलेली भिंत त्याच जागी परतत नाही. नुकत्याच ध्रुवित केलेल्या चकतीचा दाबविद्युत गुणांक (दर व्होल्टला ती किती लांबते तो आकडा) लगेच न मोजता २४ तास थांबून मोजण्याची रीत आहे, तीही भिंतींना बसायला वेळ मिळावा म्हणूनच.

पीझेडटी विकत घेताना ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’ असे दोन प्रकार समोर येतात. त्यांना मऊ आणि कडक म्हणू. नावावरून कोणाला वाटेल की बोटाने दाबून बघायचे. खरे तर हा भिंतींच्या मोकळेपणाचा फरक आहे. थोडे नायोबियम घातले की भिंती मोकळ्या होतात, गुणांक दर व्होल्टला ५०० ते ६०० पिकोमीटरपर्यंत चढतो आणि ऊर्जेची गळतीही वाढते. लोखंड घातले (हो, इथे मात्र खरेच लोखंड) की ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा तयार होतात, त्या लोखंडाशी जोड्या बांधून ध्रुवणाच्या दिशेने बसतात आणि भिंतीला जखडतात. गुणांक २०० ते ३०० वर येतो, पण गळतीही बरीच घटते. अल्ट्रासॉनिक वेल्डिंगच्या हॉर्नमागे (कंपने पुढे पोचवणाऱ्या धातूच्या दांड्यामागे) मऊ चकती बसवली तर भिंतींच्या घर्षणाने ती तापते, ध्रुवण ढासळते आणि यंत्र थंड पडते. बारीक हालचाल टिपणाऱ्या सेन्सरसाठी मात्र मऊच हवी. मऊ पीझेडटी द्रव हेलियमच्या तापमानाला नेली की तिचा गुणांक निम्म्याच्याही खाली जातो. जालक तेच असते, भिंती गोठलेल्या असतात.

भिंतींचा वाटा मोजण्याची एक साधी रीत अशी. क्षेत्राचा आयाम हळूहळू वाढवत जा, पण ध्रुवण उलटवणाऱ्या क्षेत्राच्या निम्म्यापलीकडे जाऊ नका. दर पायरीला गुणांक मोजा आणि आलेख काढा. निव्वळ जालकाचा प्रतिसाद असेल तर रेषा आडवी येते. भिंती अडखळत सरकत असतील तर ती सरळ चढते. रेलेचा नियम म्हणतात तो हाच. रेषेचा उतार, म्हणजे ती किती तीव्र चढते ते, हेच भिंतींचे न परतणारे सरकणे. मात्र भिंत जागच्या जागी डुलते तो भाग या उतारात येत नाही, शून्य क्षेत्राच्या आकड्यातच दडून राहतो. म्हणून या रीतीने मिळतो तो भिंतींचा किमान वाटा. ‘उतार कमी, म्हणजे भिंती नाहीत’ असा निष्कर्ष काढणारे याच ठिकाणी फसतात.

पदार्थाची फिल्म (आधारावर चढवलेला पातळ थर) केली आणि तिची जाडी नॅनोमीटरमध्ये आली की भिंतींचे गणित बदलते. डोमेनची रुंदी जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. फिल्म शंभरपट पातळ केली की डोमेन दहापट अरुंद होतात. एक मायक्रोमीटर रुंदीच्या डोमेनमध्ये एका नॅनोमीटरची भिंत म्हणजे हजारातला एक भाग. दहा नॅनोमीटरच्या डोमेनमध्ये तीच भिंत दहावा भाग व्यापते, आणि मग तिला दोन खोल्यांमधली सीमा म्हणून सोडून देता येत नाही. पण फिल्म खालच्या आधाराला घट्ट चिकटलेली असते. आधार तिला आडवे पसरू देत नाही, त्यामुळे ९० अंशांच्या भिंती जखडतात आणि मोजलेला गुणांक त्याच पदार्थाच्या ठोकळ्यापेक्षा बराच कमी भरतो. ‘नॅनोवर परिणाम वाढतो’ हे वाक्य सरसकट खरे नाही, ते यामुळे. २००३ मध्ये एका प्रयोगात एक मायक्रोमीटर जाडीच्या पीझेडटी फिल्मची साधारण तेवढ्याच रुंदीची बेटे कोरली गेली. आजूबाजूचा आधार सुटताच ९० अंशांच्या भिंती हलू लागल्या आणि गुणांक दर व्होल्टला सुमारे २५० पिकोमीटर भरला. एकाच डोमेनच्या स्फटिकासाठी सिद्धान्ताने सांगितलेला आकडा होता ८७. वरची भर भिंतींची होती. अशी बेटे गॅलियम आयनांच्या झोताने कोरताना कडेचे काही नॅनोमीटर विस्कटतात आणि त्यांत ते गॅलियम घुसते. ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवून तो थर सावरला नाही, तर सुटलेल्या भिंती कडेला जाऊन पुन्हा अडकतात.

भिंतींमधून वीज वाहते याचा लेखात ओझरता उल्लेख होता, तो बरोबर आहे. बिस्मथ फेराइटच्या भिंतींबाबत हे २००९ मध्ये दिसले. बेरियम टायटनेटमध्ये ध्रुवणे समोरासमोर येऊन भिडतात अशा भारित भिंती डोमेनच्या अब्जपट वाहक असल्याचे २०१३ मध्ये दाखवले गेले. फक्त एक पाहावे: सुईने घेतलेला प्रवाह काही मिनिटे टिकतो की व्होल्टेज बदलतानाच उसळतो? सरकणारी भिंतही क्षणभर प्रवाह देते, आणि त्याला वहन म्हणता येत नाही.

आता आमचा मुख्य मुद्दा. सुई जी हालचाल दाखवते ती कोणाची, जालकाची, भिंतीची की उपकरणाची? दर व्होल्टला ५० पिकोमीटर आणि दोन व्होल्ट दाब धरला तर एकूण हालचाल १०० पिकोमीटरची, म्हणजे अणूच्या त्रिज्येएवढी. एवढ्याशा हालचालीची नक्कल करायला भामट्यांची कमी नाही.

पहिला भामटा स्थिरविद्युत ओढ. सुई आणि तिची दांडी पृष्ठभागाशी मिळून एक कपॅसिटर बनवतात. पृष्ठभागावर थोडा भार साचलेला असला की दांडी त्याच तालावर ओढली जाते आणि वाटते पदार्थ फुगतोय. दर मीटरला ०.१ न्यूटन ताठपणाची लवचीक दांडी घेतली तर चित्रात बहुतेक हेच दिसते. दोन-तीन न्यूटनची दांडी कामचलाऊ. शंका असेल तेव्हा ४० न्यूटनची लावून पुन्हा मोजावे. आकडा कोसळला तर तो पदार्थाचा नव्हता.

दुसरा भामटा रेझोनन्स. संकेत वाढवायला दांडी तिच्या स्पर्श-रेझोनन्सवर, म्हणजे पृष्ठभागाला टेकलेली असताना ती सर्वांत जोरात थरथरते त्या वारंवारतेवर, चालवतात. मोकळी ७५ किलोहर्ट्झवर थरथरणारी दांडी टेकल्यावर ३०० किलोहर्ट्झच्या आसपास जाते. पण हा रेझोनन्स स्पर्शाच्या ताठपणावर अवलंबून असतो. कणाच्या कडेवर किंवा उतारावर तो काही किलोहर्ट्झ सरकतो, आणि रेझोनन्स ओलांडताना फेज आपोआप १८० अंशांनी फिरते. साधा उंचवटा उलट्या डोमेनसारखा दिसतो तो असा. उंचीच्या नकाशाशी जुळणाऱ्या फेजच्या नकाशाबद्दल वर सावध केले ते यासाठीच. यावर उपाय म्हणजे रेझोनन्सच्या दोन्ही बाजूंना एकेक वारंवारता ठेवून त्याचा पाठलाग करणे, किंवा संकेत कमी मिळाला तरी चालेल म्हणून रेझोनन्सपासून दूर, वीस-तीस किलोहर्ट्झवर मोजणे.

तिसरा भामटा दांडीचे वाकणे. पृष्ठभाग आडवा सरकला तरी दांडी लांबीच्या दिशेने बाक घेते आणि लेझरला ती उभी हालचाल वाटते. नमुना १८० अंशांनी फिरवून पुन्हा चित्र घ्या. खरी उभी हालचाल तशीच राहते, बाकाची फेज उलटते. एवढे सोपे काम आळसाने राहून जाते.

सगळ्यांत जास्त फसवणूक हिस्टेरेसिसच्या कमानीने होते. सुईने व्होल्टेज चढवत-उतरवत प्रतिसाद मोजला, छान फुगीर कमान आली, की ‘नवा फेरोइलेक्ट्रिक’ म्हणून जाहीर. कमान काचेवरही येते. सुईने पृष्ठभागात भार ढकलला आणि तो सावकाश ओसरला, आयन इकडून तिकडे सरकले, हवेतल्या ओलाव्याने पृष्ठभागावर रासायनिक क्रिया झाली, तरी आलेख तसाच दिसतो. म्हणून निदान एवढे करावे. व्होल्टेज काढून घेतल्यावरचा प्रतिसाद वेगळा मोजावा. वाचनाच्या वेळी वेगवेगळे स्थिर व्होल्टेज देऊन कमानी पुन्हा घ्याव्यात: खऱ्या फेरोइलेक्ट्रिकचे बिंदू दोन वेगळ्या झुपक्यांत राहतात, भाराचा खेळ असेल तर ते वाचन-व्होल्टेजबरोबर एकसारखे पसरत जातात. सुईने लिहिलेला चौकोन काही तासांनी पुन्हा पाहावा. त्या जागी पृष्ठभाग उंचावलेला दिसला तर ध्रुवण उलटले नाही, पदार्थ सुजला. शक्य असेल तर वर इलेक्ट्रोड चढवून त्यावर सुई टेकवावी, म्हणजे भार आत ढकलायला वाटच उरत नाही.

आणि हे सगळे करण्याआधी उपकरण ओळखीच्या नमुन्यावर तपासावे. आलटून-पालटून डोमेन कोरलेला लिथियम नायोबेट यासाठी उत्तम, कारण त्यात फक्त १८० अंशांच्या भिंती असतात. दोन्ही डोमेनचा आयाम सारखा आणि फेजमधला फरक नेमका १८० अंश यायला हवा. फरक १४० आला, किंवा एक पट्टा दुसऱ्यापेक्षा उजळ दिसला, तर उपकरणाची स्वतःची पार्श्वभूमी मिसळली आहे. ती सदिश म्हणून, म्हणजे आयाम आणि फेज दोन्ही धरून, वजा केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. असे करूनही दर व्होल्टला अमुक पिकोमीटर हा आकडा जपून छापावा. कठीण पृष्ठभागावर सुई दाबून काढलेले प्रमाण स्थिर वाकण्यासाठी खरे असते. रेझोनन्सवर दांडीचा आकारच वेगळा असतो आणि आकडा कित्येक पटींनी चुकू शकतो.

दुरुस्ती छापणार असाल तर चित्राखालची ओळ अशी घ्यावी, अशी विनंती: ‘पिझोरिस्पॉन्स आयामाचे चित्र. काळ्या रेषांवर सुईखाली विरुद्ध दिशांचे दोन डोमेन येतात व त्यांचे प्रतिसाद एकमेकांना खोडतात. भिंतीची खरी जाडी या रेषेच्या कित्येक पट कमी आहे.’ त्याखाली पदार्थाचे नाव, सुईला दिलेले व्होल्टेज आणि वारंवारता, दांडीचा ताठपणा आणि चित्र रेझोनन्सवर घेतले की त्यापासून दूर, एवढे दिले तर जाणकार वाचकाला बाकीचे स्वतः ताडून पाहता येईल.

कळावे,
आपले,
पदार्थविज्ञानाचे दोन अभ्यासक